परदेशात राहून महाराष्ट्रातले सरकारी दाखले ऑनलाइन मिळवताना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी कॅनडात राहते. आधी स्वतःचे, मग नवऱ्याचे आणि शेवटी सासूबाईंचे कागद इथे बसून गोळा केले. तेव्हापासून ओळखीपाळखीतून लोकांचे प्रश्न येत असतात. कुणाला मुलीच्या इमिग्रेशनसाठी जन्मदाखला हवा असतो, तर कुणाला गावच्या जमिनीचा सातबारा. बहुतेकांची अडचण सारखीच असते, म्हणून उत्तरं एकदाच सविस्तर लिहून ठेवते आहे. शुल्क आणि नियम बदलत राहतात, त्यामुळे अर्ज भरताना त्या दिवशी संकेतस्थळावर काय लिहिलंय ते वाचाच.

हे सगळं खरंच घरबसल्या होतं का?

नक्कल घरबसल्या मिळते. नोंद मात्र क्वचितच घरबसल्या सुधारते. हा फरक आधी मनात पक्का करा, कारण निम्मा मनस्ताप तो न कळल्यामुळे होतो. जन्मदाखला, सातबारा, लग्नाचा दाखला या सगळ्या कुठल्यातरी कार्यालयातल्या नोंदीच्या नकला आहेत. नोंद बरोबर असेल आणि संगणकावर चढलेली असेल, तर दहा मिनिटांत पीडीएफ हातात पडते. नोंदीत वडिलांच्या नावाची वेलांटी चुकली असेल, तर तुम्ही दहादा अर्ज केलात तरी दहा वेळा तीच चूक छापून येणार. म्हणून पहिल्यांदा नोंद पाहून घ्या आणि मगच नक्कल मागा.

सुरुवातीला हाताशी काय असायला हवं?

चालू असलेला भारतीय मोबाइल क्रमांक. बाकी सगळं त्यानंतर. आधारचा ओटीपी परदेशी क्रमांकावर येत नाही आणि राज्याच्या बहुतेक सेवांना दहा आकडी भारतीय क्रमांकच लागतो. लोक इथे आले की दोन-तीन महिन्यांत भारतातलं सिम ड्रॉवरमध्ये टाकतात. सलग ९० दिवस न वापरलेलं सिम कंपनी बंद करू शकते आणि पुढे तो क्रमांक दुसऱ्याच कुणाला मिळतो. मग आधारही अडतं, बँकही अडते. रोमिंग चालू ठेवून किमान रिचार्ज करत राहा. महिन्यातून एखादा मेसेज तरी त्या सिमवरून पाठवा.

आधारला जोडलेला क्रमांक बंद पडला असेल, तर तो बदलायला भारतातल्या आधार केंद्रावर स्वतः जाणं हा खात्रीचा मार्ग. सुट्टीवर जाल तेव्हा पहिल्याच आठवड्यात ते काम उरका, लग्नकार्यं आणि देवदर्शनं नंतर. ज्यांच्याकडे आधारच नाही पण भारतीय पासपोर्ट आहे, त्यांना भारतात पोचल्यावर लगेच आधारसाठी नोंदणी करता येते. १८२ दिवस राहण्याची अट भारतीय पासपोर्टवाल्या अनिवासींना नाही.

माझा जन्मदाखला नेमका कुठे शोधायचा? पासपोर्टवर गावाचं नाव आहे, पण तिथे नोंद सापडत नाही.

आईला विचारा. पहिलं बाळंतपण माहेरी होतं आणि जन्माची नोंद जिथे जन्म झाला तिथेच होते. वडिलांचं गाव सातारा जिल्ह्यात आणि आजोळ सोलापुरात असेल, तर नोंद सोलापूरच्या महापालिकेत असण्याचीच शक्यता जास्त. पुढे शाळेत नाव घालताना जन्मगाव म्हणून वडिलांचं गाव लिहिलं गेलं, तेच पासपोर्टवर आलं आणि तीस वर्षांनी आपण भलत्याच ग्रामपंचायतीचं दार ठोठावत बसतो. मी स्वतः तीन आठवडे असे घालवले आहेत. शेवटी आईला आठवलं की मी तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात झाले होते, गावात नाही.

जागा कळली की पुढचं सोपं. मोठ्या महापालिका आपापल्या संकेतस्थळावर जन्म-मृत्यूचे दाखले देतात. शिवाय भारताच्या महानिबंधकांचं नागरी नोंदणी प्रणालीचं राष्ट्रीय पोर्टल आहे. जुन्या नोंदी अनेक ठिकाणी अजून बाडांतच आहेत. तिथे नातेवाइकाला जन्मतारीख, आईवडिलांची नावं आणि दवाखान्याचं नाव लिहून दिलेला कागद घेऊन पाठवावं लागतं. वर्ष नक्की माहीत नसेल तर आगेमागे दोन-दोन वर्षांची बाडं पाहायला सांगा.

दाखल्यावर माझं नावच नाही. फक्त 'मुलगा' किंवा 'मुलगी' लिहिलंय.

यात घाबरण्यासारखं काही नाही. पूर्वी दवाखान्यातून नोंद व्हायची तेव्हा बारसं झालेलं नसायचं, त्यामुळे असे हजारो दाखले आहेत. नियमाप्रमाणे नोंदणीपासून १५ वर्षांपर्यंत नाव दाखल करता येतं आणि जुन्या नोंदींसाठी शासनाने वेळोवेळी मुदतवाढही दिली आहे. सध्या मुदत चालू आहे का, हे त्या निबंधक कार्यालयात विचारून घ्या. सोबत शाळा सोडल्याचा दाखला आणि पासपोर्टची प्रत लागते.

नावातल्या चुकीसाठी १९६९च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यात दुरुस्तीची तरतूद आहे. निबंधक पुरावे पाहून दुरुस्ती करतो. हे काम ऑनलाइन रेटण्याच्या फंदात पडू नका. घरातल्या कुणाला तरी अधिकारपत्र देऊन प्रत्यक्ष पाठवा.

परदेशात जास्त त्रास होतो तो आपल्या नावांच्या रचनेचा. स्वतःचं नाव, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव आणि आडनाव ही आपली पद्धत इथल्या अधिकाऱ्याला समजत नाही. लग्नानंतर मधलं नावही बदलतं आणि आडनावही, काही घरांत तर पहिलं नावसुद्धा. मग जन्मदाखल्यावरची बाई आणि पासपोर्टवरची बाई एकच, हे सिद्ध करत बसावं लागतं. यासाठी लग्नाचा दाखला किंवा नावबदलाचं राजपत्र, दोन्हींपैकी एक जवळ असायलाच हवं. राजपत्रासाठी शासन मुद्रण, लेखनसामग्री व प्रकाशन संचालनालयाकडे ऑनलाइन अर्ज करता येतो. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात आईचं नावही येतं : आधी मुलाचं, मग आईचं, मग वडिलांचं आणि शेवटी आडनाव. अशा मुलांचे इथले अर्ज भरताना चौकटींत नाव कसं बसवलं, ते लिहून ठेवा आणि पुढे प्रत्येक वेळी तसंच भरा.

जन्माची नोंदच झालेली नसेल तर?

घरी झालेल्या बाळंतपणांच्या बाबतीत हे बरेचदा दिसतं. १९६९चा कायदा १९७० मध्ये लागू झाला, त्यामुळे त्याआधी जन्मलेल्या आपल्या आईवडिलांच्या पिढीत तर हे फारच दिसतं. अशा वेळी निबंधकाकडून 'नोंद आढळून येत नाही' असा अनुपलब्धतेचा दाखला घ्यायचा. अमेरिकेच्या ग्रीनकार्डच्या कामात तो आणि सोबत जन्माची माहिती असलेल्या वडीलधाऱ्यांची प्रतिज्ञापत्रं जोडतात. शाळा सोडल्याचा दाखलाही सोबत ठेवा.

उशिरा नोंद करून घेण्याचा दुसरा मार्ग आहे. एक वर्षाहून जास्त उशीर असेल तर त्याला दंडाधिकाऱ्याचा आदेश लागतो आणि २०२३च्या दुरुस्तीनंतर हा अधिकार जिल्हा किंवा उपविभागीय दंडाधिकाऱ्याकडे आहे. दोन्हींपैकी कोणता मार्ग धरायचा हे तुमच्या देशाला काय चालतं त्यावर ठरवा. मुलं लहान असतील तर हेही लक्षात घ्या : १ ऑक्टोबर २०२३ किंवा त्यानंतर भारतात जन्मलेल्यांना पासपोर्टसाठी जन्मतारखेचा पुरावा म्हणून जन्मदाखलाच लागतो.

लग्नाला वीस वर्षं झाली, पण नोंदणी केलेली नाही. इथून होईल का?

इथून नाही. नवरा, बायको आणि तीन साक्षीदार असे सगळे मिळून निबंधकासमोर जायला लागतं. महाराष्ट्रात हे १९९८च्या कायद्यानुसार होतं आणि जुन्या लग्नाचीही नोंद करता येते. पुढच्या सुट्टीत लग्नाची पत्रिका, फोटो आणि दोघांचे कागद घेऊन जा. पत्रिका सापडत नसेल तर काय चालेल, ते त्याच कार्यालयात आधी विचारून घ्या.

सातबारा बघता येतो, पण बँक म्हणते हा चालणार नाही. का?

कारण तुम्ही फुकट दिसणारा उतारा छापलात. महाभूलेख या सरकारी संकेतस्थळावर जिल्हा, तालुका, गाव आणि गट क्रमांक टाकला की दिसतो तो फक्त माहितीसाठी असतो. कायदेशीर कामासाठी डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा घ्यायचा. तो महाभूमीच्या वेगळ्या संकेतस्थळावर, खात्यात आधी पैसे भरून, एका उताऱ्याला १५ रुपये दराने मिळतो. त्यावर कुणाच्या सही-शिक्क्याची गरज नसते. आठ-अ (एका खातेदाराच्या गावातल्या सगळ्या जमिनींचा उतारा), फेरफार (हक्क बदलल्याची नोंद) आणि शहरातल्या जागांसाठी मालमत्ता पत्रकही तिथेच मिळतं.

उतारा हातात आला की नुसता फाइलला लावून ठेवू नका, वाचा. 'इतर हक्क' या रकान्यात जुन्या सोसायटीच्या कर्जाचा बोजा दिसतो का? आजोबांनी फेडलेलं पीककर्ज तीस वर्षांनंतरही तिथे बसलेलं मी पाहिलं आहे. भावंडांच्या नावापुढे अपाक, म्हणजे अज्ञान पालनकर्ता, असा शेरा राहिलाय का, जेव्हा ती मुलं आता चाळिशीला आली आहेत? एकुम, म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर, असा शेरा असेल तर जमीन एकट्या थोरल्या काकांची नाही, त्यांच्या नावावर सगळ्यांची आहे. परदेशात राहणाऱ्या माणसाने वर्षातून एकदा तरी १५ रुपये खर्चून आपला उतारा वाचावा, असं मला मनापासून वाटतं. आपल्या नकळत काही फेरफार झाला असेल तर तो तिथेच कळतो.

वडील गेले. वारसनोंद परदेशातून करता येईल का?

अर्ज करता येतो. ई-हक्क प्रणालीतून वारसनोंद, बोजा कमी करणं, अपाक आणि एकुम शेरे काढणं यांचे अर्ज ऑनलाइन टाकता येतात आणि ते तलाठ्याकडे जातात. तलाठ्याचं पद आता 'ग्राम महसूल अधिकारी' झालंय, पण गावात अजून तलाठीच म्हणतात. मृत्युदाखला, वारसांची यादी आणि प्रतिज्ञापत्र लागतं. त्यानंतर हितसंबंधितांना नोटीस निघते, हरकतीची मुदत जाते आणि मग मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात. नोटिशीला उत्तर द्यायला गावात कुणीतरी असावं लागतं.

हा अर्ज वेळेत करा. जमीन महसूल संहितेप्रमाणे हक्क मिळाल्यापासून तीन महिन्यांत कळवायचं असतं. यादीत बहिणींची नावं घालायची की नाही, यावर घरोघरी जी कुजबुज होते तिला कायद्यात जागा नाही. मुलगी वारस आहे, तिचं नाव आलंच पाहिजे. तिला हक्क सोडायचाच असेल तर तिने तो नंतर नोंदणीकृत हक्कसोडपत्राने, तिच्या इच्छेने सोडावा.

पीडीएफ उघडली की सहीपाशी पिवळं प्रश्नचिन्ह दिसतं. दाखला खोटा आहे का?

नाही. तुमच्या संगणकातलं सॉफ्टवेअर भारताच्या प्रमाणन यंत्रणेला ओळखत नाही, एवढाच त्याचा अर्थ. ॲक्रोबॅट रीडरमध्ये सहीवर उजवी टिचकी मारा, सहीचे गुणधर्म उघडा, सही करणाऱ्याचं प्रमाणपत्र पाहा आणि ते विश्वासार्ह यादीत जोडून पुन्हा पडताळणी करा. हिरवी खूण येते. मोबाइलवर किंवा ब्राउझरमध्ये हे होत नाही.

प्रश्न येतो तो हा कागद परदेशी कार्यालयात देताना. डिजिटल सही फाइलमध्ये असते. छापील प्रतीत ती नुसती शाईची खूण उरते. म्हणून मूळ पीडीएफच पाठवा. छापील प्रत मागत असतील तर दाखल्यावरचा क्यूआर कोड किंवा पडताळणी क्रमांक कसा तपासायचा, ते दोन ओळींत लिहून जोडा. आणि फाइल पुन्हा 'सेव्ह' करताना दुसऱ्या प्रोग्रॅममधून पाने जोडू-तोडू नका, त्याने सही मोडते. चार दाखले एकत्र करून एकच फाइल बनवण्याचा मोह फार होतो, तिथेच हे बिघडतं.

अपोस्टिल म्हणजे काय आणि ते इथून कसं मिळवायचं?

आपला दाखला दुसऱ्या देशाने खरा मानावा म्हणून भारताचं परराष्ट्र मंत्रालय लावतं ते प्रमाणपत्र. १९६१च्या हेग कराराचा भारत २००५ पासून सदस्य आहे. आधी राज्य शासनाच्या अधिकृत अधिकाऱ्याकडून साक्षांकन आणि मग परराष्ट्र मंत्रालय, असा क्रम असतो. मंत्रालय लोकांकडून थेट कागद घेत नाही, नेमलेल्या संस्थांमार्फत घेतं. मूळ कागद लागतो, त्यामुळे तो भारतातच ठेवलेला बरा. ई-सनद या व्यवस्थेत हे काम पूर्णपणे ऑनलाइन होतं, पण तुमचा दाखला देणारी संस्था तिच्यात सामील असली तरच. आधी ते तपासा.

कॅनडा या करारात ११ जानेवारी २०२४ पासून आलं. त्याआधीची माहिती देणारे लेख अजून फिरतायत, त्यांवर जाऊ नका.

आम्ही दुबईत आहोत, आम्हाला अपोस्टिल चालेल?

नाही. संयुक्त अरब अमिरात करारात नाही, कतार आणि कुवेतही नाहीत. तिथे परराष्ट्र मंत्रालयाच्या साक्षांकनानंतर त्या देशाच्या भारतातल्या दूतावासाचा शिक्का लागतो. ओमान, बहारीन आणि सौदी अरेबिया करारात आहेत. जर्मनी सदस्य असूनही भारताच्या प्रवेशावर त्यांनी आक्षेप नोंदवलेला आहे, त्यामुळे तिथल्या कार्यालयाला आधी लेखी विचारा आणि मगच अपोस्टिलवर पैसे घाला.

पोलिसांचा दाखला मागितला आहे. महाराष्ट्र पोलिसांच्या संकेतस्थळावरचा चालेल?

बहुधा नाही. तो चारित्र्य पडताळणीचा दाखला मुख्यतः देशातल्या नोकरीसाठी वापरतात. इमिग्रेशनला लागतो तो पासपोर्ट यंत्रणेकडून मिळणारा पीसीसी, म्हणजे पोलीस क्लिअरन्स सर्टिफिकेट. परदेशात राहणाऱ्या भारतीय नागरिकाने तो जवळच्या वकिलातीमार्फत मागायचा. भारतातल्या पत्त्यावर पोलीस पडताळणी होऊ शकते, म्हणून घरच्यांना आधी कळवून ठेवा, नाहीतर दारात पोलीस पाहून आईचा जीव घाबरा होतो.

कुलमुखत्यारपत्र दिल्याशिवाय काम होतच नाही का?

नुसत्या नकलेसाठी साधं अधिकारपत्र आणि तुमच्या पासपोर्टची स्वाक्षांकित प्रत बहुतेक ठिकाणी पुरते. जमिनीचा किंवा फ्लॅटचा व्यवहार असेल तरच मुखत्यारपत्र द्या. तेही त्या एका मिळकतीपुरतं, त्या एका कामापुरतं. 'सर्व अधिकार' असं कुणी लिहून आणलं तर सही करू नका, माणूस कितीही जवळचा असो.

इथे ते भारतीय वकिलातीत करायचं किंवा स्थानिक नोटरीसमोर करून राहत्या देशाचं अपोस्टिल घ्यायचं. मग मूळ प्रत भारतात पोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत तिच्यावर मुद्रांक शुल्क भरायचं. ही तीन महिन्यांची मुदत पुष्कळ जण चुकवतात. पाकिटावरची टपालाची तारीख जपून ठेवायला सांगा.

पैसे भरतानाच गाडी अडते. परदेशी कार्ड घेत नाहीत.

एनआरओ, म्हणजे अनिवासी भारतीयाचं भारतातल्या उत्पन्नासाठीचं बँक खातं, त्याचं नेटबँकिंग हा सर्वांत खात्रीचा मार्ग. सिंगापूर, ऑस्ट्रेलिया, कॅनडा, हाँगकाँग, ओमान, कतार, अमेरिका, सौदी, अमिरात आणि ब्रिटन या देशांच्या मोबाइल क्रमांकांवर एनआरई (परदेशातल्या कमाईसाठीचं खातं) किंवा एनआरओ खात्याशी जोडलेलं यूपीआयही २०२३ पासून मान्य झालं आहे. तुमची बँक ते देते का, हे विचारून घ्या. पैसे कापले गेले आणि पावती आली नाही, तर लगेच दुसऱ्यांदा भरू नका. चलन क्रमांक लिहून घ्या आणि दुसऱ्या दिवशी पाहा. काही सरकारी संकेतस्थळं भारताबाहेरून उघडतच नाहीत. अशा वेळी घरच्यांना व्हिडिओ कॉलवर घेऊन त्यांच्या संगणकावर अर्ज भरणं सोपं पडतं.

एजंटला द्यावं का?

धावपळीसाठी द्यायला हरकत नाही. पण आधारचा ओटीपी कधीही सांगू नका आणि मूळ कागद पावतीशिवाय देऊ नका. जन्मदाखल्याची बनावट संकेतस्थळंही आहेत, हुबेहूब राष्ट्रीय पोर्टलसारखी दिसणारी. पत्त्याच्या शेवटी 'जीओव्ही डॉट इन' किंवा 'एनआयसी डॉट इन' आहे का, ते पाहा. 'दोन दिवसांत हवा तो दाखला' म्हणणाऱ्याकडून आलेला कागद पुढे खोटा ठरला तर व्हिसा तुमचा जातो.

मी ओसीआय आहे, म्हणजे नागरिकत्व परदेशाचं पण भारतीय वंशाची कार्डधारक. माझ्यासाठी काही वेगळं?

तुमच्या जन्माची आणि लग्नाची नोंद तुमचीच आहे, नागरिकत्व बदललं तरी तिची नक्कल मागता येते. शेतजमीन विकत घेता येत नाही, पण वारशाने मिळालेली ठेवता येते. माहितीचा अधिकार मात्र फक्त नागरिकांना आहे, म्हणून तसा अर्ज भारतीय नागरिक असलेल्या भावाबहिणीच्या नावाने करावा लागतो.

आईबाबा आता आमच्याकडेच असतात. हयातीच्या दाखल्यासाठी दर नोव्हेंबरला भारतात जायचं का?

गरज नाही. जीवन प्रमाण ही सोय २०१४ पासून आहे आणि २०२१ पासून मोबाइलवर चेहरा दाखवूनही दाखला देता येतो. त्यासाठी आधार हवं आणि ते पेन्शन खात्याशी जोडलेलं हवं. वयस्कर माणसांचा चेहरा पहिल्या प्रयत्नात जुळत नाही. चष्मा काढून, खिडकीसमोर, सकाळच्या उजेडात बसवा. नाहीच जमलं तर भारतीय वकिलातीतून हयातीचा दाखला मिळतो, तो बँकेला पाठवायचा. सासूबाईंचं आम्ही पहिल्या वर्षी वकिलातीतून केलं आणि दुसऱ्या वर्षीपासून मोबाइलवर.

अर्ज महिनोन् महिने 'प्रक्रियेत' आहे. काय करायचं?

ती सेवा अधिसूचित, म्हणजे शासनाने कायद्याखाली जाहीर केलेली आहे का, हे राज्याच्या 'आपले सरकार' पोर्टलवर पाहा. असेल तर २०१५च्या लोकसेवा हक्क कायद्याप्रमाणे तिला ठरावीक मुदत आहे. मुदत उलटली की पहिलं अपील, मग दुसरं आणि तरीही काही झालं नाही तर राज्य लोकसेवा हक्क आयोग. कारण नसताना विलंब करणाऱ्या अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड होऊ शकतो. अपीलही ऑनलाइनच करता येतं.

सेवा अधिसूचित नसेल तर माहितीचा अधिकार वापरा. राज्याचं ऑनलाइन पोर्टल आहे, शुल्क १० रुपये. प्रश्न असा विचारा : माझा अमुक क्रमांकाचा अर्ज कोणत्या तारखेला कोणाच्या टेबलावर आला आणि त्यावर काय शेरा मारला? '३० दिवसांत उत्तर' ही मुदत असते. वकिलातीतल्या कामाची तक्रार असेल तर परराष्ट्र मंत्रालयाचं 'मदद' पोर्टल आहे. अर्ज क्रमांक, तारीख आणि पावती तिन्ही सोबत जोडा. माझ्या नणंदेच्या वारसनोंदीची फाइल सात महिने पडून होती. माहिती अधिकाराच्या उत्तरात कळलं की नोटीस जुन्या पत्त्यावर गेली होती आणि तशीच परत आली होती. नवा पत्ता लिहून दिल्यावर पुढच्याच महिन्यात फेरफार प्रमाणित झाला.